पाठमोरी सीट

आमच्या गाडीची चावी आमच्याकडं कधीच नव्हती. गाडी आमची, कागदावर नाव ह्यांचं, आणि चावी खाली मेजरांच्या खुंटीवर. शिरवळला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा वर्षं भाड्यानं राहिलो. त्या दहा वर्षांत मी चावी मागितली आणि त्यांनी ती तशीच हातावर ठेवली, असं एकदाही झालं नाही. आधी खाली यायचं, पोरीला तिच्या सीटमध्ये बसवायचं, पट्टे लावायचे. मग मेजर पायात कॅनव्हासचे बूट चढवून बाहेर येणार आणि तिच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघणार. चिमटीत आला की तो सैल. परत ओढा. आला नाही तर मान हलवून म्हणणार, "लोड बांधला. घ्या चावी."

लोड म्हणजे माझी पोरगी. नऊ महिने मी पोटात वाढवलेली. तिला हा माणूस लोड म्हणायचा, आणि ती फिदीफिदी हसायची.

मेजर काही खरे मेजर नव्हते. नाईक म्हणून रिटायर झालेले, सगळी नोकरी ट्रकच्या स्टिअरिंगमागं गेलेली. पण आमच्याकडं फौजेतून परतलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. मी तोंडावर काका म्हणायचे आणि मनात मेजर. ते मला ताई म्हणायचे. माणूस उंचीनं बेताचा, अंगानं सुका, आणि सगळ्या गल्लीच्या टवाळीचा विषय. गाडी कायम तोंड रस्त्याकडं करून लावायची, मग त्यासाठी दहा वेळा मागं-पुढं करायला लागलं तरी चालेल. उन्हाळ्यात पोरीला बसवायच्या आधी पट्ट्याच्या बकलाला स्वतःचा गाल लावून बघायचे, तापलंय का म्हणून. सिलिंडर आणायला जाताना सिलिंडरलासुद्धा सीटबेल्ट लावायचे. गल्लीतली पोरं हसायची, तर त्यांनाच जवळ बोलावून सिलिंडर हलतोय का ते हलवून बघायला सांगायचे.

गल्लीत अशी वदंता होती की त्यांचं एखादं लहान मूल अपघातात गेलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. मलाही ते खरं वाटायचं. एकदा धीर करून विचारलं. त्यांची दोन्ही पोरं धडधाकट होती, एक सांगलीत मास्तर, एक पुण्यात. मेजर म्हणाले, "कायतरी व्हायलाच पायजे व्हय, ताई? त्याशिवाय पट्टा बांधायचा न्हाई?" मला त्याचाच राग आला.

राग हा शब्द मी उगाच वापरते आहे. तो हेवा होता. मी त्या माणसावर जळायचे. आता सगळं होऊन गेलंय तर सरळ सांगते.

सुरुवात बाळंतपणापासूनच झाली. मी माझ्या माहेरी, कुंडलला होते. पोरगी तीन महिन्यांची झाली, परत शिरवळला यायचं ठरलं. हे फौजेत, रजा आठ दिवसांची, त्यामुळं न्यायला गाडी घेऊन मेजर येणार होते. तर त्यांनी आधी फोन करून विचारलं, पोरगी येणार कशात? मी म्हटलं, माझ्या मांडीवर, आणखी कशात येणार. तर म्हणाले, गाडीत मांडी नसती ताई, गाडीत सीट असती. माझ्या नणंदेकडं पुण्यात तिच्या मुलाची जुनी कार सीट पडून होती, ती आम्ही आणवली. मेजरांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, ही कुठं आपटलीय का, कुणाला ठाव? नणंदेला ते लागलं, आणि ह्यांनी काय केलं, मेजर म्हणतात तर असू दे, म्हणून नवी आणायला गेले. फौजी फौजीचंच ऐकतो.

नवी सीट म्हणजे पाळण्यासारखी, मागच्या बाकावर पाठमोरी लावायची. पोरीची पाठ रस्त्याकडं, तोंड मागच्या काचेकडं. मेजरांनी ती कुंडलच्या आमच्या अंगणात बसवली. गवंड्याची लेव्हल पट्टी आणली होती त्यांनी शिरवळहून! ती सीटला टेकवून बघत होते, किती कललीय म्हणून. फार उभी झाली तर तान्ह्या पोराची हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडकतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आईनं पोरीला तिनं विणलेला जाड स्वेटर घातला होता. मेजरांनी तो काढायला लावला. पट्टे बांधले आणि मग स्वेटर वरून पांघरला. जाड कपड्यावरून बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण असतो सैल. आई मला आत नेऊन म्हणाली, हा कोण लागून गेलाय माझ्या नातीचा? मी आईला गप्प केलं खरं, पण मनात माझंही तेच होतं.

पण त्या प्रवासात मी मागं पोरीच्या शेजारी बसले होते. पाठमोरी असल्यामुळं तिचं तोंड माझ्याकडं. कराडपासून साताऱ्यापर्यंत ती माझ्याकडं टकामका बघत होती आणि मी तिच्याकडं. खंबाटकीच्या बोगद्यात झोपली. मला वाटलं, चला, ही सीट काही वाईट नाही.

चूक माझीच झाली. मी गाडी शिकले.

मेजरांनीच शिकवली. माझी कंपनी हायवेच्या पलीकडं, पाळणाघर त्याच्याही पुढं, आणि रोज मेजरांना सांगायचं बरं दिसत नाही. दोन महिन्यांत मी चालवायला लागले. रिव्हर्स तेवढा मला कधी जमला नाही. मान वळवली की हात उलटे चालायचे. मेजर म्हणायचे, ताई, तुमी फकस्त पुढंच जायाच्या.

आता मी पुढं, स्टिअरिंगमागं. पोरगी मागं, पाठमोरी. आणि तिच्या शेजारी कोण? मेजर. नवी ड्रायव्हर आणि तान्ही पोरगी, दोघींवर लक्ष पाहिजे म्हणून सकाळी पाळणाघरापर्यंत सोबत यायचे आणि तिथनं चालत परत जायचे. तेवढंच पाय मोकळे. म्हणजे मी एक वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षं रोज गाडी चालवली, आणि मला दिसायचा काय तर सीटचा काळा प्लास्टिकचा पाठीमागचा भाग. तिचं तोंड मेजरांना दिसायचं. दात आला तो त्यांनी आधी बघितला. हसण्यातला पहिला खळखळाट मला पाठीमागून ऐकू आला. माझ्याच पोरीचं हसू मी ऐकून घेत होते. एक दिवस पाळणाघराच्या दारात तिनं पहिला शब्द उच्चारला, "मेज." पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, अय्या, टेबल म्हणाली! मला माहीत होतं ती काय म्हणाली ते. 

दर महिन्याला मेजर पोरीचं माप घ्यायचे. गाडी लावायच्या पत्र्याच्या शेडला लागून त्यांची अवजारांची एक खोली होती. तिच्या चौकटीला पोरीला जमिनीवर टेकून बसवायचं, डोक्यावर फूटपट्टी ठेवायची आणि सुताराच्या पेन्सिलीनं रेघ मारायची. शेजारी बारीक अक्षरात काहीबाही लिहायचे. उभ्या उंचीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, गाडीत माणूस बसतो. बसून डोकं सीटच्या वरच्या कडेला भिडायला आलं की मगच सीट फिरवायची, तोपर्यंत पाठमोरीच. मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. दारात उभी राहायचे, पदरानं घाम पुसत, आणि मनात म्हणायचे, घ्या, माप घ्या, तुमचीच आहे ना.

वर्षाची झाल्यापासून सगळे मागं लागले, सीट सरळ करा. सासूबाई म्हणाल्या, पोर सगळ्यांकडं पाठ करून बसतं, बरं दिसतं का? तिचे पाय सीटच्या पाठीला टेकायला लागले होते, त्यामुळं मलाही वाटायचं की ती अवघडत असेल. मेजरांना सांगितलं तर म्हणाले, पाय दुमडून बसंल, मांडी घालून बसंल, पोरांना काय होतंय. मान अजून कवळी हाय. डोकं भिडलं न्हाई.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, हा म्हातारा मुद्दाम फिरवत नाही. सीट फिरवली की पोरीचं तोंड माझ्याकडं होईल आणि याचा कारभार आटपेल, म्हणून फिरवत नाही. एकदा हे डोक्यात आलं ते गेलंच नाही. मग त्यांचा पट्टा चिमटीत धरणं, बकलाला गाल लावणं, सगळ्यातच मला खोट दिसायला लागली.

पोरीला तिसरं लागलं आणि जावळ काढायचं ठरलं. आमचं घरचं देवस्थान आटपाडीच्या बाजूला. ह्यांना रजा मिळाली नाही. मेजरांच्या पुतणीचं लग्न त्याच दिवशी. त्यांनी पट्टे बघितले, चावी दिली आणि मी पोरीला घेऊन एकटी कुंडलला गेले. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ गाडी चालवायला बसला आणि आम्ही देवाला निघालो.

जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, ही रीत. भावानं पोरीला मांडीवर घेतलं, न्हाव्यानं वस्तरा लावला, पोरीनं देऊळ डोक्यावर घेतलं. मग ती आजीच्या मांडीवर गेली. मग सासूबाईंच्या, मग चुलत सासूबाईंच्या. फोटो काढले. गुळगुळीत डोक्याची माझी पोरगी सगळ्यांच्या मांडीवरून फिरली, आणि माझ्याकडं आली तेव्हा निघायची वेळ झालेली. मंडळी दुसऱ्या गाडीनं पुढं गेली. आमच्या गाडीत भाऊ, मी आणि पोरगी. मी तिला सीटमध्ये ठेवायला वाकले तर ती रडायला लागली आणि म्हणाली, मेजर पायजे.

झालं. माझं डोकं सटकलं. सगळ्या गावाच्या मांड्या झाल्या, माझी एकटीची राहिली, आणि वर मेजर पायजे. मी तिला उचललं, पुढच्या सीटवर बसले, माझा बेल्ट लावला, तिला मांडीवर घट्ट धरलं. भाऊ म्हणाला, अगं तिची सीट? मी म्हटलं, तू गाडी चालव.

ती माझ्या छातीला डोकं लावून बसली होती. माझ्या हनुवटीखाली तिचं गुळगुळीत डोकं, हळदीचा वास. विट्यापर्यंत मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते.

कुंडल तीन-चार किलोमीटरवर राहिलं असेल. उसाचे दिवस. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला होता. त्याच्यावरची मोळी घसरून रस्त्यावर आली, तो थांबला आणि भावानं ब्रेक मारला. गाडी जोरात नव्हती. ट्रॅक्टरला शिवलीसुद्धा नाही. मी बेल्टमुळं जागच्या जागी राहिले. पोरगी माझ्या हातातून गेली. मी तिला घट्ट धरलं होतं, देवाशप्पथ घट्ट धरलं होतं, तरी गेली. कपाळ समोर आपटलं, एवढाच आवाज आला.

डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवलं, डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, काही नाही, टेंगूळ आहे, घरी न्या. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. माझे हात मी बघत होते. भाऊ म्हणाला, कुणाला बोलू नको. मीही म्हटलं, नको.

शिरवळला आले. जावळ काढलेलं, टेंगूळ लपवायला एक केस नाही. मेजर शेडच्या दारात उभे. मी गाडीतनं उतरायच्या आधीच सांगून टाकलं की कुंडलला ओसरीच्या पायरीवरनं पडली. त्यांनी पोरीच्या कपाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी भाषणाची तयारी करून ठेवली होती. ते एक बोलले की मी दहा ऐकवणार होते. माझी पोरगी, माझी मांडी, तुम्ही कोण. पण ते बोललेच नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. तिला उचलून चौकटीपाशी घेऊन गेले, रेघ मारली, काहीतरी लिहिलं. मी जिना चढून वर गेले आणि दार लावून रडले.

त्यानंतर तिला मी कधी मांडीवर घेतलं नाही गाडीत. मेजरांमुळं नाही. माझ्या हातांवरचा माझाच विश्वास उडाला होता.

चार महिन्यांनी एका रविवारी मेजरांनी खालनं हाक मारली, ताई, या. डोकं भिडलं. मी खाली गेले तर त्यांनी सीट बाहेर काढली होती. पट्टे वरच्या खाचेतून ओवून घेतले, म्हणाले पाठमोरी असताना पट्टा खांद्याच्या खालनं यायला लागतो आणि सरळ झाली की वरनं. सगळं करून सीट पुढं तोंड करून बसवली. ज्या दिवशी भिडलं त्याच दिवशी. एक दिवस जास्त नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर जो आळ घेतला होता, तो तिथंच खोटा ठरला.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आळ खोटा ठरला तरी झाला. आता आरशात तिचं तोंड मला दिसणार होतं. मेजर तिच्या शेजारी बसले. ती पुढं बघत होती, ट्रक, टोलनाका, डोंगर. तिच्या तोंडाची त्यांना फक्त एक बाजू दिसत होती. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग तेही काचेतून पुढं बघायला लागले. पण माझी लेक बघा. दर दोन मिनिटांनी मान वाकडी करून, "मेजर, आहात का?" मी आरशात, आणि ती मान वाकडी करून बसलेली. मला वाटलं, सीट कशीही लावा, नशीब तेच.

पुढं ती सीट लहान पडली. खांदे वरच्या खाचेच्या वर गेले. मग बूस्टर आला, बसायला उंचवटा, म्हणजे मोठ्या माणसाचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर यावा. तिच्या वर्गातल्या मुली हसल्या. ती घरी येऊन रडली आणि म्हणाली, मी आता मोठी झाले, मला नको ते. मी समजावलं, दरडावलं, काही उपयोग नाही. मेजरांनी तिला गाडीत नुसतंच बसवलं, पट्टा लावला आणि विचारलं, कुठं टोचतंय? गळ्याला, ती म्हणाली. ढुंगण पुढं सरकवून बस. आता पोटावर आला. ब्रेक लागला तर तो पोट कापंल का कमरंचं हाड धरंल? तिनं स्वतः जाऊन बूस्टर उचलून आणला. माझं एक ऐकलं असेल तर शपथ.

यंदा ह्यांची नोकरी पुरी झाली. साताऱ्यात आमचा फ्लॅट झाला, शिरवळ सोडायचं ठरलं. निघायच्या आठवड्यात पोरीनं बूस्टर सोडायची शेवटची परीक्षा दिली. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे कडेला दुमडलेले, पट्टा खांद्याच्या मधोमध, खालचा कमरेच्या हाडावर, आणि सगळा रस्ता तसंच बसता आलं पाहिजे. मेजर आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला तिला भोरला नेऊन आणायला लावलं, आणि परतल्यावर तिला सांगितलं की तू पास. बूस्टर त्यांनी खोलीत ठेवायला सांगितला.

तो ठेवायला मी गेले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. बूस्टर खाली ठेवताना वाकले, तर चौकट डोळ्यांसमोर आली. खालपासून वर रेघाच रेघा. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरं. "डोकं अजून चार बोटं खाली." "स्वेटर न्हाई." "दात आला, ताईला आधी दिसू दे." हे मी दोनदा वाचलं. तो दात मी दाखवला तेव्हा मेजरांनी नव्यानं बघितल्यासारखं नवल केलं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. आणि मग जावळाच्या दुसऱ्या दिवसाची रेघ. "टेंगूळ, कपाळ. मांडीवर हुती. बोलायचं न्हाई. परत न्हाई घेणार ती."

मी तशीच बाहेर आले. मेजर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, काका, तेव्हा ती मांडीवर होती. पायरीवरनं पडली नव्हती.

"ठाव हाय."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी काठीची मूठ जरा चोळली. "बोललो आस्तो तर तुमी माज्यावरच्या रागानं परत घेतली आस्ती. तुमचा राग माज्यावर हुता, ताई. पोरीनं का सोसायचा?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं, पहिल्यापासून. आणि मला त्या क्षणालाही, काय सांगू, हेवाच वाटला. गप्प बसायचं कामसुद्धा त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोतून पुढं गेलं, हे त्याच्याबरोबर गेले. पोरगी मागं बसली, तिनं स्वतःच पट्टा लावला. मी चावी मागितली. मेजरांनी खुंटीवरनं काढून हातावर ठेवली. गाडीपाशी आले नाहीत, पट्ट्याला चिमूट लावली नाही. मी विचारलं, बघायचं नाही? म्हणाले, तुमी बघितलं न्हवं?

मी स्टिअरिंगमागं बसले. गाडी नेहमीसारखी तोंड रस्त्याकडं करून उभी. मी किल्ली फिरवली तेवढ्यात मागनं पोरगी म्हणाली, "आई, पहिल्यासारखी पाठमोरी सीट असती तर जाताना मेजर दिसले असते."

ती वळून बघायला धडपडत होती. पट्टा वळू देत नव्हता, एवढा तो नीट बसला होता.

मी गाडी बाहेर काढली आणि गल्लीत फिरवली. तोंड मेजरांच्या दाराकडं केलं. किती वेळा मागं-पुढं केलं ते मोजलं नाही, गल्लीतली माणसं बघायला आली. मग रिव्हर्स टाकला आणि मान वळवून, हात उलटे चालत असताना, सगळी गल्ली मागं मागं घेत गेले. मेजर काठी टेकत फाटकापर्यंत आलेले मला डोळ्याच्या कोपऱ्यातनं कळलं. "आने दो, आने दो, आने दो," हा आवाज येत होता, मग तोही येईना. मला फक्त मागचा रस्ता दिसत होता. ती दोघं एकमेकांकडं बघत होती. कोपरा आला, मी गाडी तिथंच उभी केली, आणि पोरगी म्हणेपर्यंत वळवली नाही.